आईला एचआयव्ही, बाळाचं पुढे काय? कोकणातल्या आया, आज्या आणि अंगणवाडीताईंचे नेहमीचे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या गावांतून येणारे हे प्रश्न. विचारणाऱ्या बहुतेक आया, काही आज्या, काही अंगणवाडी सेविका, क्वचित एखादा बाप. ‘रिपोर्ट निगेटिव्ह येईल ना?’ हे सगळेच विचारतात आणि विचारायलाच हवं. बाळ नीट वाढतंय का, खेळतंय का, बोलतंय का, हे मात्र फार थोड्या जणी विचारतात. खाली दोन्हींबद्दल लिहिलं आहे. औषधाचा डोस मात्र इथे शोधू नका. तो बाळाच्या वजनावर ठरतो आणि तुमच्या एआरटी केंद्रातच, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सरकारी केंद्रातच, सांगतात.

मला एचआयव्ही आहे म्हणजे बाळाला होणारच का?

नाही. काहीच उपचार घेतले नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. आईने रोजची गोळी न चुकवता घेतली आणि बाळाला जन्मानंतरचं औषध मिळालं, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक बाधित गरोदर बाईला, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, आयुष्यभराची एआरटी सरकारी केंद्रातून मोफत मिळते. आठव्या महिन्याच्या सुमारास व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतात, ती तपासणी टाळू नका. बाळाची जोखीम किती आणि त्याला कोणतं औषध किती आठवडे द्यायचं, हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं.

बाळाचा निकाल कळायला अठरा महिने का लागतात? तोवर जीव टांगणीला.

तोवर काहीच कळत नाही असं नाही. सहा आठवड्यांच्या बाळाची टाच टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर, छापलेल्या गोलांत घेतात. कागद पूर्ण सुकला की पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवतात. आपल्याकडे पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, त्या दिवशी घाई करून चालत नाही. या तपासणीत खुद्द विषाणू शोधला जातो. तीच तपासणी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा होते, आणि अंगावरचं दूध तोडल्यानंतरही एक करावी लागते.

मोठ्या माणसांची साधी रक्त तपासणी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात उतरलेली असतात आणि ती जायला अठरा महिन्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून शेवटचा निकाल तेव्हाच देतात. त्यामुळे आठ महिन्यांच्या बाळाची साधी तपासणी खासगी लॅबमध्ये करून ‘पॉझिटिव्ह’ कागद हातात घेऊन रडत येणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्या कागदाला त्या वयात अर्थ नसतो. तो पैसा आणि ती रात्र, दोन्ही वाचवा.

अंगावर पाजू की नको? आणि सासूबाई गुटी द्यायचीच म्हणतात.

आई औषध घेत असेल तर पाजा. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी, मध, गाईचं दूध, ग्राइप वॉटर यातलं काहीही नको. सहाणेवर उगाळलेलं वेखंड-जायफळही नको. अर्धं अंगावरचं आणि अर्धं वरचं अशी सरमिसळ सगळ्यांत वाईट, कारण वरच्या दूध-पाण्याने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. बाटलीचं दूध द्यायचंच ठरलं तर पहिल्या दिवसापासून पूर्ण तेच आणि शुद्ध पाण्यातलं. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या वाड्यांत ते किती जमेल, याचा विचार आधी करा.

सासूबाईंना काय सांगायचं? खरं तेच. ‘डॉक्टरांनी सहा महिने पाणीसुद्धा नको म्हटलंय.’ ही सूचना देशातल्या प्रत्येक बाळाला लागू आहे, शेजारच्या सुनेलाही तेच सांगितलेलं असतं. तुमचा आजार त्यात कुठे येतच नाही.

सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, मऊ भात, डाळ, मासा काटे नीट काढून. घास मात्र आईने स्वतःच्या तोंडात चावून भरवू नये. हिरडीतून रक्त येत असेल तर त्यातून संसर्ग झाल्याची मोजकी उदाहरणं जगात नोंदली गेली आहेत. पाजणं कधी थांबवायचं ते बाळाच्या तपासण्या बघून केंद्रात ठरवा. एका दिवसात तोडू नका, महिनाभर हळूहळू कमी करा.

स्तनाग्राला भेग पडली, रक्त येतंय.

त्या बाजूने पाजणं थांबवा, दूध पिळून टाकून द्या, दुसऱ्या बाजूने पाजत राहा आणि त्याच दिवशी दाखवा. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे असतील तर तेही दाखवा.

अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता विषय संपला ना?

अंगावरचं दूध तोडून त्यानंतरची तपासणीही झालेली असेल, तर संसर्गाचा विषय संपला. पेढे वाटा. केंद्रातली फाइलही बंद होते, आणि आमची खरी तक्रार तिथेच आहे.

आईच्या पोटात असताना ज्या बाळाचा विषाणूशी आणि औषधांशी संबंध आला, त्याला संसर्ग झाला नाही तरी वाढीकडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. अशी बाळं काही वेळा दिवसांआधी किंवा कमी वजनाची जन्मतात, लहानपणी जास्त आजारी पडतात. दक्षिण आफ्रिकेत पार्ल शहराच्या आसपास जन्मलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात दोन वर्षांच्या वयाला, संसर्ग न झालेल्या अशा मुलांमध्ये भाषा मागे राहण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त दिसलं. तो निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ तुमचं मूल मागे पडणार असा नाही. बहुतेक मुलं छान वाढतात. पण शेजारीण ‘मुलगा आहे, उशिराच बोलतो’ म्हणाली म्हणून वर्षभर थांबण्याची चैन या मुलांना परवडत नाही, एवढा अर्थ नक्की आहे.

आणि यात सगळा दोष विषाणूचा नसतो. आई थकलेली, धास्तावलेली, बाप बोटीवर किंवा मुंबईला, घरात पैसा नाही, त्यामुळे बाळाशी दिवसभर कुणी बोललेलंच नाही. हे आम्हाला रिपोर्टपेक्षा जास्त वेळा दिसतं. निदान याच्यावर तरी घरातल्या घरात इलाज करता येतो.

बाळाशी खेळा म्हणता, पण वेळ कुठून आणू? सकाळी काजूच्या कारखान्यात, संध्याकाळी घरचं.

वेगळा वेळ काढू नका. जे काम चालू आहे त्यातच बाळाला ओढा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ मध्ये बालसंगोपनाची पाच अंगं मांडली: आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकण्याची संधी आणि बाळाच्या हाकेला ओ देणारी माणसं. पाचवं फुकट आहे, तरी सगळ्यांत जास्त तेच राहून जातं.

ओ देणं म्हणजे काय, ते एका घरात बघितलेलं सांगतो. दाभोळच्या बाजूचं घर. आई ओटीवर सुकट निवडत बसलेली, समोर आठ महिन्यांची मुलगी. मुलीने करवंटी जमिनीवर आपटली. आईने मान वर केली, दुसरी करवंटी घेतली आणि तशीच आपटली. मुलगी क्षणभर थांबली, आईच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा दोनदा आपटली. आईनेही दोनदा. मग मुलगी खदखदून हसली आणि आईचं सुकट निवडणं चालूच राहिलं. यात बाळ ऐकायला, वाट बघायला, नक्कल करायला आणि आपलं म्हणणं पोचतं हे समजायला शिकलं. खेळण्यांच्या दुकानातून यासाठी काही आणायला लागत नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाच्या तोंडासमोर तोंड नेऊन हळू बोला आणि ते आवाज काढेल तेव्हा थांबा. चार महिन्यांनंतर पोटावर झोपवून समोर रंगीत फडकं हलवा. बसायला लागलं की डब्यात वाटी घालणं-काढणं, पदराआड तोंड लपवून ‘कूक’. चालायला लागलं की पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद बुडावर, बसवून अंगणात ओढा, वळणावर थांबून ‘आता कुठे?’ विचारा. घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीच बोला, आगरी असाल तर आगरी. पुस्तकी मराठी शाळा शिकवेल. चिंचोके, काजूबिया, बटणं तीन वर्षांपर्यंत हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. काजूच्या कच्च्या टरफलाचा चीक कातडी भाजतो, म्हणून कामावरून आल्यावर हात धुऊन, पातळ बदलूनच बाळाला घ्या.

मोबाइलबद्दल: वर्षाच्या आत अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही नकोच. बाळ गप्प बसतं हे खरं, पण बोलायला शिकायच्या वयात गप्प बसलेलं बाळ आपल्याला नको आहे.

काळजी कधी करायची? कोणी म्हणतं घाई करू नको.

माता व बाल संरक्षण कार्डात वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. ते कार्ड फक्त लशीच्या दिवशी काढायचं नसतं. ढोबळमानाने, तीन महिन्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसत नसेल, पाच महिन्यांना मान धरत नसेल, नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाला हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाला चालत नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर दाखवा. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वजा करून मोजा. आलेली गोष्ट गेली, म्हणजे बसणारं मूल बसेनासं झालं, बोलणारं बोलेनासं झालं, तर एक दिवसही थांबू नका.

दाखवायचं कुठे? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यांनी चिठ्ठी दिली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ऐकणं, बघणं, बोलणं, हालचाल यांची तपासणी आणि थेरपी मोफत होते. मंडणगडहून रत्नागिरी किंवा दोडामार्गहून ओरोस म्हणजे अख्खा दिवस जातो, हे माहीत आहे. म्हणून एआरटी केंद्राची तारीख आणि थेरपीची तारीख एकाच दिवशी मागून घ्या. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

त्याच आठवड्यात औषध सुरू करायचं, लक्षणांची वाट बघायची नाही. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात, हे कडू सत्य आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत, बारा आठवड्यांच्या आत औषध सुरू केलेल्या बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. आता लहानग्यांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही आहेत. हा विषाणू मेंदूवरही परिणाम करतो, त्यामुळे लवकर सुरू केलेलं औषध मुलाचं बोलणं-चालणंही वाचवतं. खाणं इतर मुलांपेक्षा साधारण दहा टक्के जास्त लागतं, म्हणजे दिवसात एक जादा वाटी पेज, वर चमचाभर तूप किंवा खोबरेल. बाकी खेळ, गप्पा, अंगणवाडी सगळं तसंच.

अंगणवाडीत सांगावंच लागतं का? गाव लहान आहे, सकाळी सांगितलं की दुपारी बंदरावर कळतं.

नाही, सांगावं लागत नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती कोणी दुसऱ्याला सांगू शकत नाही. मुलाला शाळा किंवा अंगणवाडी नाकारणं हाही भेदभाव धरला जातो.

बाळाला वाढीसाठी जे जे लागतं ते सगळं, आजाराचं नाव न घेता मिळतं, हे आमचं म्हणणं आहे आणि ते आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. वजन-उंची प्रत्येक बाळाची घेतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या प्रत्येक बाळाला घरी नेण्याचा आहार मिळतो. आशाताई बाळंतपणानंतर सहा आठवडे ठरलेल्या दिवशी आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात प्रत्येकाच्याच घरी येते. वेगळं असतं ते फक्त औषध आणि रक्त तपासणी, आणि ते दोन्ही केंद्रात होतं. सेविकेशी बोलताना ‘बाळ कमी वजनाचं होतं, जरा बारीक लक्ष ठेवा’ एवढं पुरतं, आणि ते बहुधा खरंही असतं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढू नका, त्याने डोस चुकतो. बाटली कापडी पिशवीत ठेवा.

मी सेविका आहे. एका आईने मला विश्वासाने सांगितलं. मी काय करू?

रजिस्टरमध्ये लिहू नका, मदतनीसताईंना सांगू नका, पर्यवेक्षिकेलाही आईला विचारल्याशिवाय नको. त्या मुलाला वेगळं बसवू नका आणि कौतुकाने फार जवळही ओढू नका, लोकांच्या नजरेत दोन्ही सारखंच भरतं. ताट, पेला, खेळणी, चावा, लाळ, खोकला यांतून संसर्ग होत नाही. पडून रक्त आलं तर कुणाचंही असो, हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला लावून पुसायचं. हा नियम सगळ्या मुलांना सारखाच लावा.

लस चालते ना?

चालते, इतर बाळांसारखीच आणि वेळेवर. बाळाला आजाराची लक्षणं असतील तर बीसीजीसारखी लस द्यायची का हे डॉक्टर ठरवतात. सहाव्या आठवड्यापासून कोट्रिमोक्साझोल नावाचं औषध सुरू करतात, ते न्यूमोनियासारख्या आजारांपासून राखण्यासाठी. ते मिळालं म्हणजे बाळ बाधित आहे असं नाही.

मला काही करावंसंच वाटत नाही. बाळ रडलं तरी उठवत नाही.

बाळंतपणानंतर असं अनेक बायकांना होतं. त्यात आजाराची बातमी गरोदरपणीच कळलेली असेल तर जास्तच. हा आळस नाही, तुम्ही वाईट आईही नाही. आई उदास असली की ती गोळ्या चुकवते आणि बाळाशी बोलणं आटतं, म्हणून बाळाच्या वाढीचा पहिला उपचार काही वेळा आईचा असतो. समुपदेशकाला हेच शब्द सांगा, ‘उठवत नाही’. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, नाव सांगायची गरज नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर घरातल्या एकाला आत्ताच शेजारी बसवा आणि मग फोन लावा.

मी मुंबईला कामाला, बाळ गावी आईकडे. तिला यातलं काही माहीत नाही.

बाळाचे रिपोर्ट निगेटिव्ह आणि औषध संपलेलं असेल, तर आजीला आजाराचं नाव कळलंच पाहिजे असं नाही. तिला वाढीचे टप्पे कळले पाहिजेत. रोज रात्री फोन करता तेव्हा ‘जेवलं का’बरोबर ‘आज नवीन काय बोललं’ हेही विचारा. पण बाळ स्वतः एआरटीवर असेल, तर घरातल्या एका मोठ्या माणसाला खरं सांगाच, असं आमचं ठाम मत आहे. ‘शक्तीचं औषध’ म्हणून दिलेली गोळी ताप उतरल्यावर बंद केली जाते, पाहुणे आले की राहून जाते. कसं सांगायचं ते जमत नसेल तर आईला एकदा केंद्रात घेऊन या. समुपदेशक तुमच्या समोर सांगतील, तुमच्या परवानगीने.

प्रवासाला आणि घरखर्चाला काही मदत मिळते का?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधित व्यक्ती बसतात. अर्ज तहसील कार्यालयात, उत्पन्नाच्या दाखल्यासह. बाधित मुलांसाठी आणि गंभीर आजार असलेल्या पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, ती जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे, पण त्यासाठी कंडक्टरला कागद दाखवावा लागतो. त्यामुळे बऱ्याच जणी २०२३ पासून सगळ्याच बायकांना मिळणारं अर्धं तिकीट काढून गप्प बसतात. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खलाशांच्या घरी हात आखडतो, म्हणून कागदपत्रं मे महिन्यातच उरकून घ्या.

नवरा गेला. दीर म्हणतात, तुझा आणि पोराचा घरात हक्क नाही.

आहे. तुमच्या मुलाचा बापाच्या वाट्यावर हक्क आहे आणि २०१७ चा कायदा बाधित व्यक्तीला राहत्या घरातून हुसकावू देत नाही. याच कायद्याने बाधित कुटुंबातल्या मुलांच्या मालमत्तेची कागदपत्रं बालकल्याण समितीकडे सुरक्षित ठेवता येतात आणि मुलाला घराबाहेर काढलं तर तिथे तक्रारही करता येते. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे लगेच द्या, तेराव्यानंतर बघू म्हणत वर्षं जातात. मोफत वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो.

गणपतीला गावी महिनाभर येते, किंवा कायमची गावी परतते आहे. बाळाच्या औषधाचं काय?

थोड्या दिवसांसाठी येत असाल तर निघण्याआधी तुमच्या केंद्राला सांगून जादा दिवसांचं औषध मागा. घाट बंद झाला, गाडी अडकली असं धरून आठवडाभराचं वर ठेवा. कायमच्या येत असाल तर बदलीचा कागद घेऊन अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवा. बाळाचं माता-बाल कार्ड, आधीच्या तपासण्यांचे कागद आणि उरलेल्या औषधाची बाटली सोबत आणा. तारीख उलटून गेली असली तरी या. कुठलं केंद्र जवळ पडेल ते १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फुकट विचारता येतं.